तोंडओळखीची वही

नोकरीबद्दल बोलताना आपण जी क्रियापदे वापरतो ती एकदा लक्ष देऊन ऐकावीत. जागा ‘निघते’, अर्ज ‘मागवले जातात’, मुलाखतीचे बोलावणे ‘येते’ आणि अखेर नोकरी ‘लागते’. तहान लागते, ठेच लागते, लॉटरी लागते, तशी नोकरीही लागते. या साऱ्या वाक्यांत नोकरी शोधणारा माणूस कर्ता म्हणून कोठेच उभा नाही. ‘मला नोकरी लागली’ या वाक्यात तो आहे खरा, पण चतुर्थीच्या प्रत्ययाआड दडलेला. भाषेच्या अशा सवयींवरून समाजाच्या मनाविषयी घाईने अनुमान काढू नये, असे मी वर्गात नेहमी सांगते. तरीही या ‘लागते’ने मला बरेच दिवस छळले आहे.

छळले, याचे कारण रविवारची संपर्कसत्रे. मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर मी कित्येक वर्षे समंत्रक म्हणून जाते. तेथे एसटीचे वाहक येतात, अंगणवाडी सेविका येतात, औषधाच्या दुकानात उभ्याने दिवस काढणारी मुले येतात, रात्रपाळी संपवून तसेच थेट वर्गात येणारे सुरक्षारक्षक येतात. ध्वनिविचार शिकवून झाला की चहाच्या वेळी गोष्ट हमखास नोकरीकडे वळते, आणि मग एक वाक्य ऐकू येते : ‘मॅडम, आमची कुणाशी ओळख नाही.’ वाक्य तेच, बोलणारे तेवढे बदलतात.

या वाक्यातील ‘ओळख’ या शब्दाचा अर्थ तपासून पाहावा असे मला वाटले. बोलणाऱ्याच्या मनात त्या शब्दाचा अर्थ ‘वशिला’ असा असतो. वशिला हा शब्द अरबीतील ‘वसीला’वरून आला. तेथे त्याचा अर्थ साधन, एखाद्याजवळ पोहोचण्याचा मार्ग असा होता. आपल्याकडे त्याला जो काळा रंग चढला तो अनुभवाने चढला, आणि तो अनुभव खोटा नाही. मी स्वतः एम. ए. झाल्यावर एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. आम्ही सात उमेदवार बाकावर बसलो होतो आणि आठव्याचे वडील पेढ्यांचा पुडा मांडीवर ठेवून शांतपणे बसले होते. मुलाखती सुरू व्हायच्या होत्या. तेव्हा वशिला कशाला म्हणतात हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण वशिला ही ओळखीची एक जात आहे. सगळी ओळख नव्हे. मराठीत ओळखीच्या कितीतरी पायऱ्या आहेत : ऋणानुबंध, घरोबा, घसट, जुजबी ओळख, आणि सर्वांत खाली तोंडओळख. नोकरीच्या शोधात या सर्वांत खालच्या पायरीला मोल किती, हाच या लेखाचा विषय आहे.

1973 साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने विरळ संबंधांच्या बळाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास त्याने केला होता. निम्म्याहून अधिक लोकांना नव्या जागेची बातमी जाहिरातीतून नव्हे, कुणा माणसाकडून मिळाली होती. तो माणूस किती वेळा भेटत असे, असा पुढचा प्रश्न होता. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे, म्हणजे जवळचे, सुमारे 17 टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे सुमारे 56 टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा तेवढेही न भेटणारे सुमारे 28 टक्के. जागा मित्राने सांगितली का, असे विचारल्यावर, मित्राने नव्हे, ओळखीच्या माणसाने, अशी दुरुस्ती लोक करत. आपल्या भाषेत ती दुरुस्ती एका शब्दात झाली असती. कारण विचारात घेतले तर साधे आहे. जवळची माणसे आपण जेथे वावरतो तेथेच वावरतात. त्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. तोंडओळखीचा माणूस मात्र दुसऱ्या वर्तुळातला असतो आणि तेथील बातमी त्याच्या खिशात असते. हा अभ्यास पुरुषांचा आणि पांढरपेशा नोकऱ्यांचा होता, हे विसरून चालणार नाही. त्यातील टक्केवारी जशीच्या तशी आपल्या तालुक्याला लावू नये.

माझ्यापुरते म्हणाल तर पेढ्यांच्या प्रसंगानंतरचे माझे पहिले काम बोलींच्या नमुन्यांचे संकलन करण्याचे होते. ते मला माझ्या प्राध्यापकांनी सांगितले नाही, मैत्रिणींनीही नाही. आम्ही सगळ्या तीच वर्तमानपत्रे चाळत होतो. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांनी पुस्तकावर शिक्का मारता मारता सांगितले. त्यांचे नाव मला तोवर माहीत नव्हते.

भाषाविज्ञानात हा विचार फार सुंदर रीतीने आला आहे. 1970 च्या दशकात लेस्ली मिलरॉय या भाषावैज्ञानिक उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या तीन कामगार वस्त्यांत बोलीचा अभ्यास करायला गेल्या. बॅलीमॅकॅरेट, हॅमर आणि क्लोनर्ड ही त्या वस्त्यांची नावे. शहरात तेव्हा हिंसाचार चालू होता. अनोळखी माणसाला दारात उभे करणेही लोकांना धोक्याचे वाटे. मिलरॉय ओळखपत्र दाखवून गेल्या नाहीत. ‘तुमच्या अमक्याच्या ओळखीची’ एवढ्या आधारावर त्या घराघरांत गेल्या, स्वयंपाकघरात बसल्या, तासन्‌तास बोलणे ध्वनिमुद्रित केले. मग त्यांनी 46 जणांच्या संबंधांचे जाळे मोजले : नातलग त्याच वस्तीत आहेत का, शेजारी कामावरही सोबत आहेत का, कामावरची माणसे सुटीतही एकत्र असतात का. ज्याचे जाळे दाट, त्याच्या तोंडी वस्तीची बोली घट्ट टिकलेली, असे सर्वसाधारण चित्र दिसले. बॅलीमॅकॅरेटमध्ये जहाजबांधणीच्या गोदीमुळे पुरुषांना घराजवळ काम होते. तेथील पुरुषांचे जाळे दाट होते. क्लोनर्डमध्ये पुरुषांची बेकारी मोठी होती आणि तरुण मुली मात्र एकत्र कामाला जात. तेथे बोलीची खूण असलेला एक स्वर बरोबरीच्या मुलग्यांपेक्षा मुलींच्याच तोंडी अधिक ठळक आढळला. काम गेले की माणसांचे जाळे सैलावते आणि जाळे सैलावले की उच्चारही सैलावतो, ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

पुढे मिलरॉय दांपत्याने ग्रॅनोव्हेटरचा धागा उचलून असे मांडले की, दाट जाळे जुने उच्चार सांभाळते, पण नवा उच्चार एका गटातून दुसऱ्या गटात जातो तो विरळ संबंधांवरून. नवा शब्द, नवा उच्चार आणि नव्या जागेची बातमी यांची वाट एकच आहे.

आता कुणी म्हणेल, हे मराठी घरांना कुठे जमते? जमते, आणि उत्तम जमते. घरात मुलीचे लग्न काढले की आपण काय करतो ते आठवावे. भावकीपासून ते एसटीत शेजारी बसलेल्या बाईपर्यंत सर्वांना ‘एखादे स्थळ असेल तर सुचवा’ असे बिनदिक्कत सांगतो. पत्रिकांच्या छायाप्रती पिशवीत असतात. कोणी काय सांगितले याची टिपणे असतात, उत्तर आले नाही तर पुन्हा निरोप जातो. यात कमीपणा कोणाला वाटत नाही. तोच बाप मुलीच्या नोकरीसाठी मात्र कोणाकडे विषय काढत नाही. ‘कशाला कुणापुढे हात पसरायचा’ म्हणतो. ‘स्थळ’ आणि ‘जागा’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच, पण एक शोधणे हे कर्तव्य आणि दुसरे मागणे ही लाचारी, असा भेद आपण करून ठेवला आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी मला या संदर्भात आठवते. चाळिशीच्या आसपासची. एका तालुक्याच्या गावातील छापखान्यात तिने अकरा वर्षे अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन केले होते. 2020 च्या टाळेबंदीत लग्नपत्रिका थांबल्या, स्मरणिका थांबल्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका थांबल्या. मालकाने वर्षभर कळ काढली आणि मग यंत्रे विकली. तिचे यजमान खासगी बसवर चालक. त्यांचाही पगार तेव्हा कधी अर्धा, कधी नाही. मोठ्या मुलीची अकरावीची फी भरायची होती. तृतीय वर्षाचा अर्ज भरताना तिने मला विचारले होते की या वर्षी परीक्षा सोडून दिली तर भरलेले पैसे पुढे धरतात का. हुशार बाई, ऱ्हस्व-दीर्घावर तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण. तीही तेच म्हणाली : ‘आमच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नाही.’

मी तिला एक वही घालायला सांगितली. पहिल्या आठवड्यात तिने नऊ नावे लिहून आणली : दीर, भाऊ, मावसबहीण, शेजारी. सगळे एका गल्लीतले नाहीतर एका घरातले, आणि त्यांतले चौघे स्वतःच कामाच्या शोधात. मी तिला म्हटले, अकरा वर्षांत छापखान्याच्या दारातून कोण कोण आत आले ते आठवा. पुढच्या रविवारी वहीत सत्तरहून अधिक नावे होती. प्रश्नपत्रिका आणणारे मुख्याध्यापक, नोटिसा छापून नेणारे वकिलांचे कारकून, वार्षिक अहवाल घेऊन येणारे पतसंस्थेचे सचिव, गणेश मंडळाची पोरे, कागदाचा व्यापारी, बाइंडर, आणि स्वखर्चाने कवितासंग्रह काढून प्रत्येक वेलांटीसाठी भांडलेले एक निवृत्त गुरुजी. बऱ्याच जणांची आडनावे तिला ठाऊक नव्हती. तेथे तिने ‘निळी स्कूटर’, ‘पतसंस्था, चष्मा’ असे लिहिले होते.

वहीचे रकाने तिने छापखान्यातील कामाच्या नोंदवहीप्रमाणे स्वतःच आखले. नाव, ओळख कशी, केव्हा भेटले, काय विचारले, त्यांनी आणखी कोणाचे नाव सांगितले, परत केव्हा कळवायचे. माझ्या सांगण्यावरून तिने एकच रकाना वाढवला : हा माणूस कोठे जातो, जेथे मी जात नाही? या रकान्यामुळे क्रम ठरला. मोठ्या पदाची माणसे खाली गेली आणि हिंडणारी वर आली. बाइंडर सबंध जिल्ह्यात फिरतो, कागदवाला प्रत्येक छापखान्यात जातो, कारकून रोज न्यायालयाच्या आवारात असतो. आठवड्याला दोनच भेटी घ्यायच्या, बाजाराचा दिवस टाळायचा, शक्यतो प्रत्यक्ष जायचे. व्हॉट्सॲपवर सर्वांना एकदमच बायोडाटा पाठवण्याचा मोह तिला झाला होता. मी मोडता घातला. सर्वांना पाठवलेला निरोप आपल्याला आहे असे कोणालाच वाटत नाही.

खरी अडचण विचारायचे कसे, ही होती. येथे मला माझ्या विषयाचा थोडा उपयोग झाला. ‘माझ्यासाठी कुठे शब्द टाका’ असे म्हटले की आपण समोरच्याची पत मागतो. मराठीत टाकलेला शब्द खाली पडू शकतो, आणि पडला तर नाचक्की त्याची होते. म्हणून तो सावध होतो. ‘भीड’ हा शब्द पाहा. मागणाऱ्याचा संकोच ती भीड, आणि ऐकणाऱ्यावर पडणारे दडपण तीही भीडच. एकाच शब्दात दोघेही अवघडलेले आहेत. माहिती विचारली तर हे अवघडलेपण बरेच उतरते. ‘मुद्रितशोधनाचे आणि मराठी टंकनाचे काम मी अकरा वर्षे केले आहे. अशी कामे आता कोण करून घेते, हे तुम्ही हिंडता म्हणून तुम्हाला ठाऊक असेल. कोणाशी बोलले म्हणजे कळेल?’ यात कोणाची पत पणाला लागत नाही. उत्तर देणाऱ्याला उलट आपण जाणकार ठरल्याचे समाधान मिळते. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही, एखादे नाव तरी घ्यावे लागते. ही तीन वाक्ये तिने आरशासमोर म्हणून पाहिली. फोनवर ‘शुद्ध’ बोलण्याची तिला धास्ती होती. मी म्हटले, बाइंडरशी तुम्ही अकरा वर्षे ज्या बोलीत बोललात तीच बोला. एकाएकी प्रमाणभाषा काढलीत तर तो घाबरेल.

दुसरी शिकवण होकार-नकार ओळखण्याची. ‘बघतो’, ‘सांगतो’, ‘लक्षात आहे’ ही आपल्याकडची नकाराची सभ्य रूपे आहेत. ती कडू मानून घेऊ नयेत आणि खरीही मानू नयेत. वहीत तारीख घालून महिन्याने एकदा, फक्त एकदा, पुन्हा भेटावे.

ओळखीच्या वाटेची मी एवढी भलामण करते आहे, तर तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या गिरणगावात भरती अनेक दशके ओळखीनेच होत असे. रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा माणूस गावकीच्या खोलीत उतरे, खानावळीत जेवे, आणि गावचाच कोणी त्याला जॉबरपुढे उभा करी. जॉबर म्हणजे मुकादम. माणूस घेणे-काढणे त्याच्या हाती असे आणि त्यासाठी तो दस्तुरीही घेई. बदली कामगार पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभे राहत आणि त्यांतून कोणाला आत घ्यायचे ते तो ठरवी. त्याची ही सत्ता आवरण्यासाठी 1935 साली बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणावी लागली. या ओळखीच्या जाळ्याने हजारो लोकांना परक्या शहरात भाकरी दिली, हे खरे. त्याच जाळ्याने विणखात्याचे दार अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद ठेवले, हेही तितकेच खरे. धोट्यात सूत ओढून घेताना तोंड लावावे लागते, मग विटाळ होतो, असे कारण दिले जाई. पगार अधिक ते विणखात्यातच. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. ज्यांना ओळखीने वर्षानुवर्षे बाहेर ठेवले, त्यांना ओळखी वाढवा असे सांगणे पुरेसे नसते, हे त्या इतिहासाकडे पाहिल्यावर समजते. जाहीर जाहिरात, स्पर्धा परीक्षा, आरक्षण, रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचे बंधन घालणारा 1959 चा कायदा, या साऱ्या गोष्टी बंद वर्तुळे उघडण्यासाठीच आल्या आहेत. सरकारी जागा निघाली असेल तर अर्ज भरावा, अभ्यास करावा. तेथे ‘आपला माणूस आहे’ म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. वहीचा उपयोग त्यापलीकडच्या, ज्यांची जाहिरात कधी येतच नाही अशा लहान कामांसाठी आहे.

गिरणगावातून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. 1982 च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. खोली एक, गाव एक, गिरणीही तीच. जाळे इतके दाट होते की काम गेले ते सर्वांचे एकाच वेळी गेले. अशा वेळी जवळची माणसे ताटातली भाकरी वाटून देऊ शकत होती. दुसऱ्या कामाची बातमी त्यांच्याजवळ कोठून असणार? 

माझ्या विद्यार्थिनीची वही पुढे कशी भरली ते सांगायचे राहिले. मुख्याध्यापकांनी ‘बघतो’ म्हटले. पतसंस्थेच्या सचिवांनी चहा पाजला. गुरुजींनी दोन तास नव्या कविता ऐकवल्या. बाइंडरने मात्र उभ्या उभ्या सांगितले की, जिल्ह्याच्या गावी शालेय मार्गदर्शके काढणारा एक प्रकाशक आहे आणि त्याचा मुद्रितशोधक काम सोडून गेला आहे. तेथे पानामागे मोबदल्याचे काम मिळाले. घरी बसून, रात्री मुले झोपल्यावर करण्याचे. परीक्षेचा हंगाम संपला की ते आटे. पण त्या प्रकाशकाची पार्सले पोहोचवणारा मुलगा एका वकिलांकडेही जात असे. वकिलांना मराठी दावे आणि कैफियती बिनचूक टंकित करणारे कोणी मिळत नव्हते. वही घातल्यापासून नवव्या महिन्यात ती त्यांच्या कार्यालयात रुजू झाली. पगार छापखान्यापेक्षा फार अधिक नाही. पण महिन्याच्या सात तारखेला मिळतो. तृतीय वर्षाची परीक्षाही तिने त्याच वर्षी दिली.

रुजू झाल्यावर शेवटचा रकाना पुरा करायला तिला दोन आठवडे लागले. ज्या ज्या माणसाने काही सांगितले होते, किंवा नुसते ‘बघतो’ म्हटले होते, त्या प्रत्येकाला तिने काम मिळाल्याचे कळवले. कोणाला फोन, कोणाला पोस्टकार्ड. बाइंडरकडे ती पेढे घेऊन गेली आणि तेव्हा तिने प्रथमच त्याचे आडनाव विचारून वहीत ‘निळी स्कूटर’च्या जागी लिहिले. गुरुजींचे उत्तर उलट टपाली आले. अभिनंदन होते, आशीर्वाद होते, आणि तिच्या पत्रातील ‘आशिर्वाद’ या शब्दातल्या पहिल्या वेलांटीभोवती लाल शाईचे वर्तुळ काढलेले होते.